चित्र लिहिणाऱ्यांचा मुलूख

बडोद्याच्या पूर्वेस पाच-सहा कोसांवर वाघोडिया हे तालुक्याचे गाव आहे. गायकवाडी अमदानीत बडोदे प्रांतातील एका तालुक्याचे हे ठाणे होते. सयाजीराव महाराजांच्या काळी ज्या आजव्याच्या सरोवरातून शहराला नळाचे पाणी मिळू लागले ते सरोवर याच तालुक्यात आहे. आणि आज औद्योगिक वसाहतीमुळे व शेजारच्या लिमड्याच्या विद्यापीठामुळे येथील रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ बसगाड्यांची रीघ लागलेली असते. परंतु माझ्या लेखी या गावाचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. पश्चिमेस जे शहर आहे तेथे मराठी कारकुनांनी दोनशे वर्षे मोडीत कागद लिहिले; आणि पूर्वेस, बोडेली मागे टाकून छोटा उदेपूरकडे निघाले की जो मुलूख लागतो, तेथील राठवा लोक आपल्या घराच्या भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे काढतात. ‘काढतात’ हा आपला शब्द. ते स्वतः ‘लिहितात’ असेच म्हणतात, आणि लिहिणाऱ्याला लखारा म्हणजे लेखक म्हणतात. माहिती जतन करण्याच्या व ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या दोन सर्वस्वी भिन्न रीतींच्या शिवेवर वाघोडिया उभे आहे.

आपण ज्याला हल्ली माहितीचे युग म्हणतो त्याचा आरंभ संगणकापासून, फार तर तारायंत्रापासून झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि त्या युगाचा इतिहास लिहिणारे विद्वानही यंत्रांच्या सनावळ्या देऊन थांबतात. परंतु कोणती बातमी कोणाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, कोणाच्या दारावरून परतली आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्या वाट्याला तिचा कोणता अंश आला, हे यंत्राच्या इतिहासातून समजत नाही, आणि दप्तरातूनही फारसे समजत नाही. ते समजते चित्रांतून. बडोद्याच्या चार-सहा मैलांच्या परिघात गेल्या दीडशे वर्षांतील चित्रे ज्या क्रमाने पाहता येतात त्या क्रमाने ती पाहिली, तर हा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

आरंभ करावा तो रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यापासून. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या एका दालनाच्या भिंती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चितारलेल्या चित्रांनी भरून गेल्या आहेत, आणि पुरातत्त्व खात्याने हा वाडा आपल्या संरक्षणाखाली घेतला आहे. भिंतीचे लहानमोठे चौकोन पाडून त्यांत एकीकडे कृष्णलीला, एकीकडे महाभारतातील प्रसंग, एकीकडे मराठ्यांची इंग्रजांशी झालेली लढाई, आणि मध्येच पाश्चात्य पेहरावाची माणसे, असा सगळा मांड मांडलेला आहे. पुराण आणि वर्तमान यांच्यामध्ये चिताऱ्याने रेघेपलीकडे कसलेही अंतर ठेवलेले नाही. जे कानावर आले ते सर्व त्याने एकाच भिंतीवर एकाच इतमामाने मांडले. हे दालन म्हणजे त्या काळच्या एका सुखवस्तू मराठी घराण्याला जग जेवढे ठाऊक होते तेवढ्याचा नकाशाच होय. मात्र तो पाहण्याचा अधिकार कोणाला होता? ज्याला जिना चढून वर येण्याची मुभा होती त्याला. खाली रस्त्यातून जाणाऱ्या भाजीवालीला वर कोणते युद्ध चालले आहे याचा पत्ता नव्हता.

कागदांचीही तीच अवस्था होती. सांडणीस्वार व जासूद यांच्या हाती आलेला लाखोटा फुटला, त्यातील मजकूर चिटणिसाने वाचून दाखवला, उत्तराचा मसुदा झाला, नक्कल झाली, आणि मूळ कागद रुमालात बांधून फडताळात गेला, की त्या माहितीचे आयुष्य तेथे बंद होई. मोडी लिपी पाहताना मला नेहमी वाटते की तीही चित्रकलेची एक शाखाच आहे. बोरू शक्य तो न उचलता ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणाऱ्या कारकुनाच्या मनगटात चिताऱ्याचाच सराव असतो, आणि प्रत्येक घराण्याच्या कारकुनी वळणाची ओळख एखाद्या चित्रशैलीसारखीच पटते. बडोदे सरकारच्या नोकरीत १८८९ साली रुजू झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे ४५ खंड संपादून छापले, तेव्हा कोठे ते रुमाल सुटले आणि जे मूठभरांच्या नजरेस पडत होते ते देवनागरीत सर्वांपुढे आले. बडोदे सरकारने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला, त्यामागेही हीच तळमळ होती: कचेरीचा शब्द कचेरीबाहेरच्या माणसाला कळला पाहिजे.

ही तळमळ ज्यांची, ते सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्यास आले आणि त्यांचे अक्षरशिक्षण खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले. बालपणाची बारा वर्षे ज्याने केवळ पाहून आणि ऐकून जग जाणले त्याला चित्राची ताकद कोणी शिकवावी लागली नसेल, असे मला वाटते. १८८८ साली महाराजांनी राजा रविवर्मा यांना नव्या राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील व पुराणांतील चौदा प्रसंग चितारण्यास सांगितले. ती चित्रे तयार झाल्यावर राजवाड्यात टांगण्यापूर्वी ती लोकांना पाहावयास ठेवण्यात आली, आणि ती पाहण्यास लोटलेली गर्दी हीच या इतिहासातील खरी कलाटणी होय. तांबेकर वाड्याच्या जिन्याशी जो थांबत होता तो माणूस प्रथमच चित्रापुढे येऊन उभा राहिला.

बडोद्याचे दिवाणपद भूषवलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ सालीच रविवर्म्यांना पत्र लिहून सुचवले होते की आपली चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात. एका माणसाचे दोन हात सर्वांच्या मागण्या पुऱ्या करू शकत नाहीत, हे त्या मुरब्बी प्रशासकाने ओळखले होते. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला. शकुंतलाजन्माचे चित्र तेथून प्रथम छापून निघाले. पुढे मुंबईत प्लेगचा कहर झाल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. त्याची रीत मोठ्या कष्टाची होती. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध खडूने रेखाटायचे, शिळा ओली करायची, आणि मग शाई फिरवायची, म्हणजे शाई खडूच्या रेघेस धरते आणि ओल्या जागेस धरत नाही. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे. आणि एकाच कागदावर एकामागून एक सर्व शिळांचे ठसे केसाइतकेही न चुकता पडले, तरच लक्ष्मीच्या पदराचा लाल रंग तिच्या दंडावर सांडत नसे.

माझ्या आजोळच्या देवघरात अशी एक सरस्वती होती. काच तडकलेली, कागदाला वाळवीने कोपऱ्यात खाल्लेले. एकदा आजोबांचे भिंग लावून मी तिचा चेहरा पाहिला, तेव्हा तो चेहरा नाहीसाच झाला आणि त्याच्या जागी गुलाबी, पिवळे, निळसर असे ठिपके दिसू लागले. भिंग दूर केले की पुन्हा सरस्वती. त्या वयात तो मला चमत्कार वाटला. आज आपल्या हातातील पडद्यावर जे चित्र दिसते तेही अशाच असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते, हे कळल्यावर त्या चमत्काराचे मोल माझ्या दृष्टीने वाढलेच. चित्राचे ठिपक्यांत विघटन करून, ते दूर नेऊन, पाहणाऱ्याच्या डोळ्यात पुन्हा जुळवायचे, ही युक्ती आमच्या घरी विजेच्या आधी येऊन पोहोचली होती. आणि ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू देत नसत त्यांच्या घरी चार-सहा आण्यांच्या कागदावर देव आला, ही गोष्ट मी कोणत्याही तारायंत्रापेक्षा लहान मानणार नाही.

बडोद्याचा या कथेशी आणखी एक धागा जुळतो. १८९० साली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यास कलाभवन स्थापन झाले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम अशी विद्या देशी भाषेतून शिकवणारी ती संस्था होती. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण शिकला, गोध्र्यास त्याने छायाचित्रकाराचा व्यवसाय करून पाहिला, आणि नंतर रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी ठसे तयार करण्याचे काम केले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखवणारे धुंडिराज गोविंद फाळके ते हेच. बडोद्याच्या त्या चौदा चित्रांत हरिश्चंद्र-तारामतीचे एक चित्र होते, आणि फाळक्यांच्या चित्रपटाची आरंभीची मांडणी पाहिली की रविवर्म्यांच्या पौराणिक चित्रांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राजवाड्याच्या भिंतीवरचा राजा कागदावर उतरला आणि कागदावरून उठून चालू लागला. आणि या साऱ्या प्रवासास वीस-पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला नाही.

खेड्यापाड्यांचे काय, हा प्रश्न मात्र अद्याप बाकी होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ च्या सुमारास तो राज्यभर लागू केला. पण शाळेत शिकलेले अक्षर घरी वाचावयास पुस्तक नसले तर विसरून जाते, हे अनुभवाने दिसून आले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत आखली, ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला, आणि १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू झाले. त्याच्यामागून हा कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पाहिला. आणि खेडोपाडीच्या वाचनालयांसाठी मोतीभाई अमीन यांनी जे पाय झिजवले त्यास तोड नाही. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच भर प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. ज्या गावास तेवढेही जमत नसे तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी पुस्तके भरून विनामूल्य जात असे.

ही पेटी ज्याला वाचता येते त्याच्यासाठी होती. ज्याला येत नाही त्याच्यासाठी याच खात्यात चित्रदर्शनाची एक स्वतंत्र शाखा होती, आणि माझ्या दृष्टीने बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे सर्वांत मोठे श्रेय तेच आहे. जादूचे दिवे, काचेच्या चित्रपट्ट्या, चलच्चित्राची यंत्रे आणि दोन डोळ्यांनी दोन चित्रे एकवटून पाहण्याचे स्टिरिओस्कोप घेऊन या शाखेची माणसे गावोगाव जात. तो स्टिरिओस्कोप जवळून पाहण्यासारखा असतो. लाकडी दांडीवर एक पुठ्ठा उभा केलेला, त्यावर एकाच देखाव्याची शेजारी-शेजारी दोन छायाचित्रे, दोहोंत अगदी अल्पसा फरक. भिंगांना डोळे लावले की क्षणभर सारे दुहेरी दिसते, मग ती चित्रे एकमेकांवर सरकतात आणि सपाट पुठ्ठ्यात खोली उत्पन्न होते. नायगऱ्याचा धबधबा, लंडनचा पूल, हिमालयाचे शिखर, जे काही असेल ते, हात लावावा इतके समोर येते. ज्या माणसाने तालुक्यापलीकडे पाऊल टाकले नाही त्याच्या डोळ्यांना ही पहिली परदेशवारी घडली.

यासाठी लोकांची नजर आधीच तयार होती, हेही सांगितले पाहिजे. सावंतवाडीकडच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून रामायणाची आख्याने पिढ्यान्‌पिढ्या गात आले होते. आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर हलवण्याचा ‘शांभरिक खरोलिका’ नावाचा खेळ १८९२ पासून गावोगाव करून दाखवला होता. या सर्वांत चित्राशेजारी एक बोलणारा माणूस उभा असे. प्रेक्षक त्याला मध्येच थांबवून ‘हा कोण?’ म्हणून विचारू शकत असे, आणि त्याला उत्तर द्यावे लागत असे. सरकारी खात्याच्या दिव्यामागेही असाच माणूस होता. पण काय दाखवायचे आणि काय नाही हे ठरवणे आता त्याच्या हाती राहिले नव्हते.

महाराज १९३९ साली निवर्तले. त्यांच्या घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी त्याच सुमारास गंगावतरण, मीरा आणि अन्य विषयांवरील भित्तिचित्रे काढली. ती कोणासही पाहता येतात आणि सावकाश पाहावीत अशी आहेत. राज्य विलीन झाल्यावर महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात ललित कलेची शाखा निघाली, आणि १९५० साली इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले. पुढे शांतिनिकेतनहून के. जी. सुब्रमण्यन आले. या मंडळींनी घडवलेल्या पिढीने राजवाडा, कचेरी आणि छापखाना यांच्याकडे पाठ न फिरवता त्यांच्याच साधनांनी आपले प्रश्न विचारले, म्हणून ती मला विशेष प्रिय आहे. गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात बडोद्याहून ‘वृश्चिक’ हे लहानसे नियतकालिक चालवले. ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून खेड्यांतील भिंतींवर, अंगणांत, अंगावर गोंदून काढलेल्या आकृत्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि त्यात आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला. त्यांनी टिपलेल्या कित्येक भिंती पुढल्या दिवाळीच्या सारवणाखाली गेल्या असतील. काढणारीच्या दृष्टीने त्यात वाईट काही नव्हते, कारण नवे चित्र काढण्यासाठीच जुने सारवायचे असते.

शेख यांचे ‘सिटी फॉर सेल’ हे चित्र १९८१ ते १९८४ या वर्षांत पुरे झाले. बडोद्यातील जातीय दंगलींच्या छायेत काढलेल्या या प्रचंड पटावर एकीकडे चित्रपटगृहात ‘सिलसिला’ चालला आहे, एकीकडे भाजीवाली आपली गाडी भरून उभी आहे, आणि त्याच गल्ल्यांत आग व मारामारी पेटली आहे. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तांबेकर वाड्याच्या चिताऱ्याने पुराण, युद्ध आणि परदेशी पेहरावाची माणसे एकाच भिंतीवर मांडली होती, तीच ही मांडणी. भेद एवढाच की त्या वेळी जिन्याखाली राहिलेली भाजीवाली येथे चित्रात आली आहे, आणि दंगलीच्या दिवशीही भाजी विकत आहे. कोणत्या कचेरीच्या आवक-जावक बारनिशीत तिची नोंद सापडेल?

नंतरच्या काळात याच चित्रकाराला लंडनमध्ये एका मध्ययुगीन जगन्नकाशाचे चित्र असलेले पोस्टकार्ड मिळाले. तेराव्या शतकातील तो जर्मन नकाशा १९४३ साली हॅनोवरवरील बाँबहल्ल्यात जळून गेलेला होता. उरल्या होत्या त्या केवळ त्याच्या नकला. शेख यांनी त्या नकलेवरून स्वतःचे नकाशे रचले आणि त्यांत कबीर आणि मजनू यांना जागा दिली. मूळ नाहीसे झाल्यावर नकलेने त्याचा वारसा चालवावा आणि ती नक्कलही जशीच्या तशी न राहता नव्या माणसांना आत घ्यावी, हे मोडी कागदांच्या बाबतीत घडले, रविवर्म्यांच्या हरिश्चंद्राच्या बाबतीत घडले, आणि येथेही घडले.

आता वाघोडियाच्या पूर्वेकडे वळतो. मूळचे भोरचे आणि बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले गणेश देवी यांनी १९९६ साली ‘भाषा’ ही संस्था काढली आणि छोटा उदेपूरजवळ तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली. ज्या भाषांना लिपी नाही त्यांच्या बोलणाऱ्यांना मुके समजू नये, हा त्यामागील आग्रह होता. त्याच परिसरात पिठोरा लिहिला जातो, आणि २०२३ साली परेशभाई राठवा यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली.

घरात आजारपण, दुष्काळ किंवा अन्य काही संकट आले की घरधनी पिठोऱ्याला नवस बोलतो, आणि तो फेडण्यासाठी घराच्या आतल्या भिंतीवर देव लिहवून घेतो. कुमारिका भिंत शेणाने व पांढऱ्या मातीने सारवतात. रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात. पानांच्या द्रोणांत रंग घेऊन लखारे काडीच्या कुंचल्यांनी लिहावयास बसतात. चहूबाजूंनी कुंपणासारखी चौकट, आत देवांचे घोडे रांगेने, आणि त्यांच्या खाली नांगरणारा शेतकरी, ताडाचे झाड, विहीर, दळणारी बाई, वाघ, बारा डोक्यांचा पुरुष. हल्लीच्या भिंतींवर रेल्वे आणि विमानही आढळते, कारण तेही आता या जगात आहे आणि जे जगात आहे ते भिंतीवर असले पाहिजे. हे चित्र शोभेसाठी नसते. त्याला सही नसते, आणि ते सुंदर झाले की नाही हे कोणी विचारत नाही.

लिहून झाले की रात्री बडवा, म्हणजे राठव्यांचा पुजारी, येतो. ढोल वाजत असतात, घर गावकऱ्यांनी भरलेले असते. अंगात आल्यावर बडवा भिंतीसमोर उभा राहतो आणि एका टोकापासून चित्र वाचू लागतो: हा अमक्या देवाचा घोडा, हा तमक्याचा, ही विहीर, हे झाड. लखारे खाली मान घालून ऐकत असतात. वाचता वाचता एखाद्या ठिकाणी बडवा अडतो, बोट रोखतो आणि काय राहून गेले ते सांगतो. मग कोणीतरी दिवा जवळ धरतो, लखारा पानाचा द्रोण उचलतो, आणि सारे गाव पाहत असता त्या दोन घोड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहून गेलेले ते रूप लिहावयास बसतो.